मॅचच्या दिवशीचं पिठलं

मिहीर बापटाची दाढी बघून आम्ही नवरा-बायको त्याच्या घरी भेटायला गेलो होतो. भेटायला म्हणजे, माणूस गेल्यावर जातात ना, तसं. डब्यात पिठलं-भात, शालनच्या डोक्यावर पदर, दोघांची तोंडं पाडलेली.

चूक आमची नव्हती. तुम्ही असता तर तुम्हीपण गेला असता. आम्हाला ग्वेल्फला येऊन जेमतेम एक हिवाळा होत होता. जोडघर होतं. अर्ध्यात घरमालक बापट, अर्ध्यात भाड्यानं आम्ही, मधे एकच भिंत. आमचा मुलगा राजू ट्रक चालवतो, आठवडा आठवडा बाहेर. त्यामुळं बघायला माणूस म्हणून काय ते हे बापटच. त्यांचा पोरगा रोज दिसायचा. उंच, दारातून वाकून आत जाणारा, गुळगुळीत दाढी केलेला. आणि एकदम त्यानं दाढी करणं सोडलं. दिवसेंदिवस वाढतेय. अंगात रोज तोच कळकट टी-शर्ट. मान खाली, कुणाशी बोलणं नाही. आदल्या महिन्यात बापटबाई शालनला म्हणाल्या होत्या, पुण्याला सासूबाई आजारी आहेत. शालननं खिडकीतून बघून निकाल दिला, म्हातारी गेली, सुतक पाळतायत. आपल्याला सांगितलं नाही म्हणून आपण जायचं नाही, असं असतंय का? सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यानं पिठलं-भात न्यायचा असतो. कॅनडात आलो म्हणून ते बदलत नाही.

बापटबाईंनी दार उघडलं. शालननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि रडायलाच लागली. बाईंचं तोंड पांढरं पडलं.

"कोण गेलं?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "ते तुम्हीच सांगायचं."

आता त्यांना वाटलं, आम्हाला इंडियातून काहीतरी आधी कळलंय आणि आम्ही सांगायला आलोय. त्या मटकन खाली बसल्या. आतून डॉक्टर बापट पळत आले. हे डॉक्टर माणसांचे नव्हेत, मातीचे. युनिव्हर्सिटीत पोरांना माती शिकवायचे. त्यांनी पुण्याला फोन लावला. तिकडं पहाटसुद्धा व्हायची होती. फोन म्हातारीनंच उचलला. मी बरी आहे का हे विचारायला तुला हीच वेळ सापडली का, म्हणून तिनं मुलाची अशी हजेरी घेतली की दारात उभ्या आम्हाला ऐकू आली. चांगली ठणठणीत होती.

तेवढ्यात तो पोरगा जिना उतरून आला. बापटबाईंचा सगळा राग त्याच्यावर निघाला. मग उलगडा झाला. आइस हॉकीत सीझनच्या शेवटी बाद फेऱ्या असतात. टीम जिंकत असेपर्यंत पोरं दाढी करत नाहीत, लकी टी-शर्ट धूत नाहीत. आणि मॅचच्या आदल्या दिवसापासून कुणाशी बोलायचं नाही, हा मिहीरचा स्वतःचा नियम. म्हणजे सुतकातलं सगळं होतं, फक्त मेलेलं कुणी नव्हतं.

आम्ही डबा उचलून निघालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तर स्वतःचा नियम मोडून मागून मिहीरचा आवाज आला, "आजी, डब्यात काय आहे?"

त्यानं तो डबा किचनमध्ये उभ्या उभ्या संपवला. संध्याकाळी मॅच होती, ती जिंकले. समोरची टीम म्हणे कुणाला ऐकत नव्हती. पुढच्या मॅचला गडी आमच्या दारात हजर. सूट, टाय, चकचकीत बूट. मला वाटलं लग्नाला चाललाय. तर नाही, मॅचला जाताना टीममधल्या सगळ्यांनी असं नवरदेवासारखं जायचं, अशी त्यांच्यात पद्धत आहे. नंतर तिथं कपडे काढून खेळायचे घालतात. म्हणाला, "आजी, सेम फूड."

बापटबाईंना ते अजिबात पटलं नाही. अरे ते सुतकाचं जेवण, शुभ कामाला जाताना कोण खातं? मिहीरचं उत्तर एवढंच, "आई, वी वन." झालं. तिथून पुढं मॅचच्या दिवशी दुपारी शालनच्या हातचं पिठलं-भात खाल्ल्याशिवाय त्यानं बर्फावर पाय ठेवला नाही. बाहेरगावी मॅच असली तर सकाळीच डबा घेऊन बसमध्ये बसायचा. टीमची पोरं त्याला बापट म्हणायची नाहीत, बापर म्हणायची, हॉकीत आडनावाला असा र जोडतात. ती पण पिठलं मागायला लागली, पण ह्यानं कुणाला चमचाभर दिलं नाही. लक वाटलं की कमी होतं, असं त्याचं शास्त्र.

खेळायचा डिफेन्समन म्हणून. मला पहिल्यांदा काही कळलं नाही. मी साखर कारखान्यात बॉयलरवर जन्म काढलेला, सातवी शिकलेला माणूस. विचारलं, वर्षात गोल किती केलेस? म्हणाला, दोन. मला त्याची दया आली. एवढं धिप्पाड पोर, एवढी धावपळ, आणि दोन? मी म्हटलं, अरे, दुसरं काहीतरी बघ. त्यावर तो हसला. समोरचा गोल करायला येतो, त्याच्या तोंडाकडं तोंड करून हा उलटा मागं मागं पळतो आणि त्याला आत येऊ देत नाही. रबराची काळी चकती असते, दगडासारखी. ती गोळीसारखी येते, आणि हा तिच्यापुढं आडवा पडतो. मुद्दाम. मॅचच्या दुसऱ्या दिवशी मी विचारायचो, काल काय केलंस? त्याचं ठरलेलं उत्तर, "काही झालं नाही, आबा." म्हणजे गोल होऊ दिला नाही. काही झालं नाही, तर तो खूश. काही झालं, तर दोन दिवस तोंड पाडून.

उलटं चालायची त्याला सवयच लागली होती. कचऱ्याचा डबा रस्त्याकडं नेताना उलटा, बर्फ शोव्हल करताना उलटा. आमच्या दारातला बर्फसुद्धा तोच काढायचा. एकदा सकाळी मी बघितलं, तर ताज्या बर्फात आमच्या दाराकडं येणारी पावलं, पण माणूस आलेला नाही. मी शालनला बोलावलं. तिनं आधी मला आत ओढलं आणि दाराला कडी लावली. भुताची पावलं उलटी असतात हे तिला माहीत होतं. इथल्या डिफेन्समनची पण असतात, हे माहीत नव्हतं.

पुढचे वरचे तीन दात त्याचे आधीच गेले होते, चकती लागून. खोटे बसवलेले. जेवताना काढून वाटीत ठेवायचा. माझी कवळी दुसऱ्या वाटीत. तो बाविशीचा, मी सत्तरीला टेकलेला, दोघं समोरासमोर दात काढून पिठलं-भात खातोय आणि शालन वाढतेय. ती म्हणायची, माझ्या नशिबी दोन्ही बोळकीच आली.

त्याच्या बॅगेचा वास मात्र देवालासुद्धा सहन झाला नसता. घामानं भिजलेले ते गुडघ्याचे, खांद्याचे, हाताचे सगळे गाद्या-उश्यांसारखे प्रकार. बापटबाई ती बॅग गराजच्या आत येऊ द्यायच्या नाहीत. शालनला त्याचं वाईट वाटलं. तिनं काय करावं? बाळंतिणीच्या खोलीत देतात तशी त्या सामानाला शेगडीवर ओवा टाकून धुरी दिली. घरातला धुराचा भोंगा वाजला, तो कुणाला बंद करता येईना. शेजारच्या गोऱ्या बाईनं फोन केला आणि दारात आगीचा बंब. बंबवाले आत आले, तर एक मराठी आजी हॉकीच्या हातमोज्याला ओव्याचा धूर देतेय. त्यातला एक मिहीरचा खेळ बघणारा निघाला. त्यानं हातमोजा हुंगून बघितला आणि शाबासकी दिली.

आम्ही त्याची मॅच एकदाच बघायला गेलो होतो. बाहेर फुकटचा बर्फ, आणि आत तिकीट काढून बर्फ. शालननं सगळा वेळ डोळे मिटून स्तोत्र म्हटलं. तो आडवा पडला की बाजूचे लोक ओरडायचे, मग ती डोळे न उघडता मला विचारायची, उठला का? उठला, म्हटलं की परत स्तोत्र. पुन्हा नाही गेली. म्हणाली, मी इथनं पिठलं करते, ते पुरे.

तिसऱ्या वर्षाला त्याला सगळ्या लीगमधला सगळ्यात भारी डिफेन्समन म्हणून निवडलं. पेपरात फोटो आला. डॉक्टर बापट, ज्यांना आधी वाटायचं पोरगं अभ्यास सोडून बर्फावर घसरतंय, ते फोटो खिशात घालून हिंडायला लागले. मिहीरला त्याचं काही नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच. युनिव्हर्सिटीचं एक वर्ष राहिलं होतं. त्या वर्षात पगार देणाऱ्या क्लबचे लोक बघायला येतात. त्यातल्या कुणी उचललं तर हॉकी पुढं चालू, नाहीतर इथंच संपली. मी म्हटलं, संपली तर संपली, बापाचं सगळं आहे की. तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. म्हणाला, "आबा, मला दुसरं काही येत नाही. आणि मला दुसरं काही यायलाही नकोय."

त्या शेवटच्या सीझनला नुकती सुरुवात झाली होती. दिवाळी झाली आणि शालन गेली. सकाळी चहा टाकला, खुर्चीत बसली, आणि तशीच राहिली. जास्त काय लिहायचं. राजू पार मॅनिटोबात होता. पहिला मिहीर आला, अनवाणी, बर्फातनं. बापटबाईंनी संध्याकाळी पिठलं-भात आणला. दारात त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. दोघांनाही तोच दिवस आठवला. ह्या खेपेला माणूस खरंच गेलं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी दाराची बेल वाजली. मिहीर. सूट, टाय. मी म्हटलं, अरे, आजी नाही आता. म्हणाला, माहीत आहे. पण मॅच आहे. आणि आत येऊन टेबलाशी बसला. मी आयुष्यात कधी चहाच्या पुढं गेलो नव्हतो. त्याला तसं सांगितलं. तो दात वाटीत काढून ठेवून बसून राहिला. आता दात काढून बसलेल्या माणसाला जा कसं म्हणायचं? बेसन कुठं असतं इथपासून सुरुवात. भात लगदा झाला, पिठल्यात लिंबाएवढ्या गाठी. त्यानं सगळं खाल्लं. मी पण खाल्लं. त्या दिवशी ते हरले. मी म्हटलं, बघ, माझ्या हातचं लागू पडत नाही. म्हणाला, रेफ्री वाईट होता.

मग हे चालूच राहिलं. मॅचच्या दिवशी मी सकाळी उठून अंघोळ करायचो, दाढी करायचो, कांदा चिरायचो. हळूहळू गाठी गेल्या. हिंग कधी घालायचा ते कळलं. तो यायचा, खायचा, मी विचारायचो क्लबवाले आले होते का? तो म्हणायचा, बघतायत, आबा. मागच्या मॅचला काय केलंस? काही झालं नाही, आबा. नाताळानंतर माझ्या एक लक्षात आलं, त्याच्या हातावरचे, मानेवरचे काळे-निळे डाग गेले. पूर्वी हा माणूस मॅचनंतर पिकलेल्या वांग्यासारखा दिसायचा. मी म्हटलं, चांगलं झालं, शहाणा झालास, चुकवायला शिकलास. तो पिठलं कालवत राहिला.

फेब्रुवारीत त्यांची घरची शेवटची मॅच होती. दुपारी नेहमीसारखा जेवून गेला. राजू नेमका घरी होता. म्हणाला, बाबा, आज शेवटच्या वर्षाच्या पोरांचा सत्कार असतो, चला जाऊ. मी कानटोपी घातली. मिहीरला सांगितलं नव्हतं. म्हटलं, बघू दे एकदम.

मॅचच्या आधी बर्फावर लाल कापड अंथरलं होतं. एकेका पोराचं नाव पुकारायचे, पोरगं खेळायच्या कपड्यात घसरत यायचं, आईला फूल द्यायचं, बापाला मिठी मारायचं. मग बापट नाव आलं. मी उभा राहिलो. आणि बघतो तर हा कापडावरून चालत येतोय. पायात बूट, अंगात तोच सूट, जो घालून दुपारी माझ्या टेबलाशी बसला होता. एक पाय ओढत होता, माझ्या दारातून टेबलापर्यंत कधी असा चालला नव्हता. एका बाजूला बापटबाई, एका बाजूला डॉक्टर. सगळं स्टेडियम उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. खेळणारी पोरं हातातल्या काठ्या बर्फावर आपटत होती.

मी राजूला विचारलं, ह्यानं कपडे का नाही बदलले? राजू वरच्या भोंग्यातलं इंग्रजी ऐकत होता. त्यानं सांगितलं, कमरेचं हाड गेलंय, नाताळाच्या आधीच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खेळणं कायमचं बंद केलं. तो तेव्हापासून खेळलेलाच नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाला, तुम्हाला कसं माहीत नाही, तुमच्याकडंच जेवतो ना तो?

मॅच सुरू झाली तरी मी खाली बघत नव्हतो. तो कुठं गेला ते शोधत होतो. सगळ्यात वरच्या रांगेत, कोपऱ्यात, एकटा बसला होता. मी कठडा धरून वर गेलो. मला बघून तो उठायला लागला, मी खांदा दाबून बसवला.

"खोटं का बोललास?" मी म्हटलं.

"मी खोटं नाही बोललो. तुम्ही विचारायचात काय केलं, मी म्हणायचो काही झालं नाही."

"क्लबवाले बघतायत म्हणालास."

खाली त्याच्या जागेवर एक नवीन पोरगं उलटं मागं पळत होतं. त्याच्यावर ह्याचे डोळे.

मला राग आला होता. पोराचं सगळं गेलं, आणि मी टेबलाशी बसून त्याला चुकवायला शिकलास म्हणत होतो. मी म्हटलं, "खेळायचं नव्हतं, तर सूट घालून यायचास कशाला? पिठलं कशाला खायचास? आईला पण सांगायचं नाही म्हणून बजावलंस ना?"

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "आबा, आपली भिंत पातळ आहे. आजी असताना रोज कुकरची शिट्टी यायची. आता फक्त मॅचच्या दिवशी येते."

बाकीच्या दिवशी मी काय खायचो, ते मी राजूलासुद्धा सांगितलं नव्हतं. दुधात ब्रेड. कधी नुसतं दूध. कधी तेही नाही. एकट्यासाठी गॅस काय पेटवायचा.

थोड्या वेळानं तो आपणहूनच बोलला. म्हणाला, सगळं संपल्यावर टीमची पोरं यायची बंद झाली. त्यांचं चुकत नाही, त्यांना वेळ नसतो. घरात आई-बाबा आवाज न करता चालायचे. मॅचच्या दिवशी दुपारी कुठं जायचं, हेच त्याला कळेना. तुमच्याकडं आलो की मॅच आहे असं वाटायचं, म्हणाला.

खाली कुणीतरी आडवं पडलं, लोक ओरडले. त्याचे दोन्ही हात गुडघ्यावर घट्ट.

मी म्हटलं, "आज शेवटची झाली. आता काय सांगून येणार आहेस?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

"काही सांगू नकोस. नुसता ये. रोज ये."

त्यानं नाक ओढलं, टाय सैल केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मग एक सांगू का आबा? तिखट निम्मं घाला."

अख्खा हिवाळा ते पोर घाम पुसत जेवत होतं, आणि मला वाटायचं कोटामुळं उकडतंय.